दोन अक्षरांची वाटी

मंगळवार, दि. ४ नोव्हेंबर २०२५
सकाळचे ११ वाजून २० मिनिटे
कोल्हापूर

ती. सौ. आक्कास,
ऋतुराजचा वाकून नमस्कार.

आत्ता एका लग्नाच्या ऑर्डरीतल्या पितळी घागरीवर नाव घालत होतो. 'सप्रेम भेट' एवढं झालं आणि लाईट गेली. मशीन बंद. दुकानमालक केरबाअण्णा म्हणाले, "लाईट येईस्तवर बस गप." म्हणून हे पत्र.

परवा फोनवर तू रागावलीस. म्हणालीस, "तू नुसतं बरं हाय, बरं हाय करतोस. काय ते कागदावर लिहून दाजींच्या हातात दे. गडहिंग्लज गाडी रोज कोल्हापूरला येती, टपालाचा खर्च न्हाय." तर लिहितो.

बाळ रविवारी दि. २६ ऑक्टोबरला सकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी झालं हे तुला माहीत आहे. मुलगा. रंग अनुजावर, कान आपल्या आबांवर. वजन चांगलं आहे. आज दुपारनंतर घरी सोडणार आहेत. तू दवाखान्यात यायचं म्हणत होतीस, पण तिथं जास्त माणसं चालत नाहीत आणि तुझ्या सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी नको म्हणालो. राग नसावा. माझ्या सासूबाई, तानाबाई, जयसिंगपूरहून येऊन राहिल्या आहेत. त्या सगळं बघतात.

बारसं रविवार दि. ३० नोव्हेंबरला घरीच करायचं ठरवलं आहे. आत्या तू एकटीच. तू आल्याशिवाय पाळण्याला हात लागणार नाही.

एक विचारायचं होतं. हल्ली मुलांची नावं दोन अक्षरी ठेवतात. तुझं काय मत आहे?

तुझा,
ऋतुराज

ता. क. लाईट १२ वाजून ५ मिनिटांनी आली.

———

गडहिंग्लज
६ नोव्हेंबर

चि. ऋतुराज,

पत्र पोचलं. तुझ्या दाजींनी ते निपाणीच्या अलीकडंच वाचून काढलं. पाकीट चिकटवत जा. कंडक्टर माणूस, तिकिटं फाडून झाली की त्याला वाचायला काय तरी लागतंय.

तुझी घागर कुठपर्यंत आली, लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, सगळं लिहिलंस. आणि पोराचं वजन "चांगलं आहे"? तू मेथीची जुडी सुद्धा किती ग्रॅमची ते सांगणारा माणूस. आई गेल्यापासनं तुला मी वाढवलंय, मला शिकवू नको. किती भरलं ते आकड्यात लिहून धाड.

सोबत डिंकाचे लाडू धाडलेत अनुजासाठी. मोठ्या डब्यात हायत. डबा माझ्या लग्नातला हाय, परत पाहिजे.

बारशाला मी येणारच. तू बोलवायची काय गरज? आत्या हाय मी. माझ्या आदर्शच्या बारशाला माझ्या मनात एक नाव होतं. कुणाला सांगितलं न्हवतं. पण माझ्या नणंदबाईंनी पाळण्यात वाकून "आदर्श" म्हणलं आणि मी हूं का चूं केलं न्हाय. आत्याचा मान असतोय तो, आईनं मधी पडायचं न्हाय. तेव्हाच म्हणलं, माझी पण पाळी येईल की. अकरा वर्षं ते नाव माझ्यापाशी तसंच हाय. आता आली पाळी.

दोन अक्षरी कसलं रे? कुठली कुठली नावं हायत ती तर कळू दे.

आक्का

(पाठीमागे, निळ्या शाईत)
पावणं, मी वाचत नाही, पत्र आपोआप उघडतंय. लाडू मोजून बत्तीस हायत. कागलजवळ एकतीस झाले. — दाजी

———

रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५
दुपारी ३ वाजून १० मिनिटे

ती. सौ. आक्कास नमस्कार.

लाडू पोचले. तीस होते. दाजींना कागल ते कोल्हापूर रस्ता फार लांब वाटला असेल.

या वेळी पाकीट डिंकानं चिकटवून वर टेप लावली आहे.

वजनाचं लिहिलंस ते बरोबर आहे. आता दोन किलो शंभर ग्रॅम आहे. वाढतं आहे. दर दोन तासांनी दूध घेतो. मी वहीत वेळा लिहून ठेवतो. अनुजा म्हणते, "दुकानातलं भांडं हाय का ते, नोंद करायला?" पण मला लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

नावांची यादी अनुजाच्या फोनवर आली होती. त्यातली मला बरी वाटली ती अशी: वेद, नभ, ओज, ईश, अंश, नील.

माझं म्हणणं नीट मांडतो. मी नववीत शाळा सोडली, पण नावांच्या बाबतीत माझ्याइतकं कुणी बघितलं नसेल. या वर्षी आमच्या दुकानात बारशाच्या एकतीस ऑर्डरी आल्या. त्यातली एकोणीस नावं दोन अक्षरी होती. दुकानात पाच अक्षरांपर्यंत नाव फुकट घालून देतो, पुढं अक्षराला दोन रुपये. लांब नाव असलं की वाटीच्या गोलावर वळतं आणि शेवटची दोन अक्षरं पाठीमागं जातात. वाटी हातात घेणाऱ्याला अर्धंच नाव दिसतं. दोन अक्षरी नाव समोर बसतं. एका नजरेत वाचून होतं.

आणि एवढासा तर जीव आहे. त्याच्यावर पाच-सहा अक्षरांचं ओझं कशाला?

पण हे फक्त माझं मत. नाव तूच ठेवायचं आहेस.

ऋतुराज

———

गडहिंग्लज
१३ नोव्हेंबर

चि. ऋतुराज,

दोन किलो शंभर "आता" हाय, तर आधी किती होतं? तू वजन सांगताना "आता" लिहिलंस ते मला दिसलं. बरं, भेटल्यावर बघते.

यादी वाचली. आदर्शला बोलावून मोठ्यानं वाचायला लावली. सासूबाई प्लास्टरचा पाय धरून हसत होत्या. वेद म्हणलं तर दुखणं वाटतंय. नभ म्हणायला तोंड मिटावं लागतंय, मग हाक बाहेर कशी जाणार? अंश म्हणजे काय, पोरगं पुरतं झालं न्हाय का? आणि ओज! ओज हे नाव हाय का जेवून दिलेला ढेकर? सासूबाई आता ढेकर दिला की "ओज आला बघ" म्हणत्यात.

अरे, नाव हाक मारायला असतंय. तू लहानपणी रंकाळ्यावर जाऊन बसायचास, तेव्हा मी गल्लीच्या तोंडाला उभी राहून ओरडायची, "ऋतुराऽऽऽज!" त्या "रा"ला मी केवढा ताणायची! तेवढ्यात तू अर्ध्या वाटेवर आलेला असायचास. दोन अक्षराला ताणायचं कुठं? तोंड उघडायच्या आत नाव संपतंय.

आणि गल्ली काय तुझं दोन अक्षरी ठेवंल? वेदचा वेद्या होतोय, नीलचा नील्या. तू दोन अक्षरं ठेव, तिसरं गल्ली फुकट देती. मोठं नाव ठेवलं तर लाडानं लहान करता येतंय. लहान नावाला लाडानं काय करायचं?

वाटीच्या गोलाचं मला सांगू नको. माणूस वाटीसाठी नाव ठेवतोय का?

माझ्यापाशी जे नाव हाय ते बारशादिवशी कळंल. आधी कुणाला सांगणार न्हाय, अनुजाला न्हाय, तुला न्हाय, दाजींना तर अजिबात न्हाय.

डबा धाडून दे. दिवाळीच्या उरलेल्या चकल्या ठेवायला भांडं न्हाय.

आक्का

(पाठीमागे)
टेपमुळं पाकीट उघडायला त्रास झाला. कात्री मागावी लागली. — दाजी

———

गडहिंग्लज
१८ नोव्हेंबर

ऋतुराज,

डबा मिळाला. तानाबाईंनी रिकामं भांडं परत करायचं नसतंय म्हणून शेंगदाण्याची चटणी भरून दिली. चटणी चांगली हाय, त्यांना सांग. चटणी काढायला वर एक स्टीलची वाटी ठेवलीती. वाटी धुवायला घेतली आणि बुडाला हात लागला.

"चि. ओज. दि. २८/१०/२०२५."

अक्षर तुझं. तारीख पण तूच घालणार, तुझ्याशिवाय वाटीवर तारीख कोण घालतंय?

पोर २६ ला झालं. २८ ला तू नाव घालून मोकळा झालास. आणि ४ तारखेला मला पत्र लिहून विचारतोस, आक्का तुझं काय मत आहे? ९ तारखेला सहा नावांची यादी करतोस, त्यात ओज तिसऱ्या नंबरला, म्हणजे मला कळू नये. "नाव तूच ठेवायचं आहेस." असं व्हय?

मी तिकडं अकरा वर्षं जपलेलं नाव मनात म्हणून बघतेय, ते पोरगं कसं दिसंल, त्याला शोभंल का न्हाय. आणि तू वाट्या खोदून बसलास.

नाव ठेवलेल्या पोराला आत्या कशाला पाहिजे? मी बारशाला येत न्हाय. फोन करू नको, उचलणार न्हाय.

संयोगिता

(पाठीमागे)
ऋतुराज, हे मी वाचलं न्हाय. तिनं स्वतः वाचून दाखवलं, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं. आक्काच्या जागी तिनं संयोगिता लिहिलंय. मला पण एकदा "धोंडीराम" म्हणालीती, तेव्हा चार दिवस भाकरी गार मिळाली. लवकर काय तरी कर. — दाजी

———

गुरुवार, दि. २० नोव्हेंबर २०२५
सकाळी ८ वाजून ३५ मिनिटे
मध्यवर्ती बसस्थानक, कोल्हापूर

ती. सौ. आक्कास नमस्कार.

दुकान दहाला उघडतं. गडहिंग्लज गाडी नऊला सुटते. तेवढ्यात हे लिहून दाजींच्या हातात द्यायचं आहे. खोडाखोड दिसली तर माफ कर.

ती वाटी तुला दिसायची नव्हती. मी ती स्वयंपाकघरात वरच्या फळीवर कागदात गुंडाळून ठेवली होती. माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांना ती साधी वाटी वाटली.

आता खरं लिहितो.

बाळ आठव्या महिन्यात झालं. वजन एक किलो सातशे दहा ग्रॅम होतं. झाल्या झाल्या त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. तिथं ते नऊ दिवस होतं, चार तारखेच्या दुपारपर्यंत. मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ते अजून पेटीतच होतं. माझ्या हाताला "वजन चांगलं आहे" एवढंच लिहायला आलं, आकडा लिहायला आला नाही.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू सासूबाईंना तशा पायानं सोडून पहिल्या गाडीनं आली असतीस. आणि तू समोर आलीस की मला रडू आलं असतं. अनुजासमोर मला रडायचं नव्हतं.

२८ तारखेला सकाळी डॉक्टर म्हणाले, "अजून दोन दिवस जाऊ देत, मग सांगतो." मी काचेतून बघत होतो. त्या खोलीत पाच पेट्या होत्या. प्रत्येक पेटीला एक पट्टी. आमच्या पट्टीवर लिहिलं होतं, "अनुजा यांचे बाळ". शेजारच्या पेटीवर दुसऱ्या कुणाच्या तरी आईचं नाव, "यांचे बाळ". पाचही बाळांना नाव नव्हतं. मी वर्षभर लोकांच्या बाळांची नावं वाट्यांवर, ताटल्यांवर, चमच्यांवर घालतो आणि माझं बाळ नुसतं "यांचे बाळ". मनात आलं, दोन दिवसांनी डॉक्टर काहीही सांगोत. पण त्याला नाव नसताना काही व्हायला नको.

दुपारी दुकानात गेलो. केरबाअण्णा जेवायला गेले होते. एक वाटी घेतली, पैसे गल्ल्यात टाकले आणि मशीन सुरू केलं. मनात चांगलं लांब नाव घालायचं होतं. तुला आवडेल असं. पण हात थरथरत होता. लांब नाव होईपर्यंत मशीन धरवणार नाही, हे कळलं. अनुजाच्या यादीत ओज होतं, त्याचा अर्थ बळ असा दिला होता. दोन अक्षरांत बसणारं तेवढंच आठवलं. आधी चि. घातलं होतं, ते सवयीनं. तारीख पण थोडं थांबून, सवयीनं.

त्या दिवशी माझ्या हाताला दोनच अक्षरं झेपली, आक्का. वाटीच्या गोलाचं, ऑर्डरींचं मी नंतर जोडलं.

भांड्यावरचं नाव पुसत नाही. म्हणून घातलं. तुझा मान डावलायला नाही. पण डावलला गेला, हे खरं आहे. यादीत तिसऱ्या नंबरला लपवलं, हेही खरं आहे.

तू म्हणशील ते नाव. फक्त ये.

तुझा,
ऋतुराज

आज सकाळचं वजन: दोन किलो तीनशे साठ.

———

बुधवार, दि. २६ नोव्हेंबर २०२५
सायंकाळी ७ वाजता

ती. सौ. आक्कास नमस्कार.

सहा दिवस झाले. दाजी रोज गाडी घेऊन येतात आणि रोज मान हलवतात. आज त्यांना विचारलं, "पत्र दिलंत ना?" तर म्हणाले, "दिलं की. तिनं वाचलं. तव्यावरची भाकरी करपली. पुढं काय बोलली न्हाय. मी पण विचारलं न्हाय, मला अजून संसार करायचाय."

अनुजाला मी वाटीचं सगळं सांगितलं. तिला माहीत नव्हतं. ती माझ्यावर रागावली नाही. म्हणाली, "आत्यांशिवाय बारसं नको. पुढं ढकलूया."

काय करू, कळव.

ऋतुराज

———

गडहिंग्लज
२७ नोव्हेंबर

चि. ऋतुराज,

पुढं ढकलायचं न्हाय काही. पोरगं काय पुढं ढकललं जातंय?

आठ दिवस लिहिलं न्हाय कारण मला राग आलाता, आणि राग कसला ते मलाच कळत न्हवतं. पहिला राग वाटीचा होता. तो तुझं पत्र वाचलं तसा गेला. मग दुसरा आला. तू नऊ दिवस एकटा त्या काचेसमोर उभा होतास. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा, तुझा शेंबूड मी माझ्या शाळेच्या फ्रॉकला पुसलाय. आणि तुला माझ्यासमोर रडायची लाज वाटली? तो राग अजून गेलेला न्हाय. तो भेटल्यावर काढीन.

सासूबाईंना पण सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "प्लास्टर माझ्या पायाला हाय, तुझ्या पायाला न्हाय. मी राहीन आदर्शबरोबर. जा." आणि ढेकराचं आता बोलत न्हाईत.

वाटी परत काढून बघितली. त्या दिवशी रागात नीट बघितली न्हवती. "ज"ची काठी हलली हाय. तुझी काठी कधी हलत न्हाय. लहानपणी मी पाटीवर शुद्धलेखन घालायची, तेव्हापासनं न्हाय.

आता नीट वाच.
वाट्या किती आणायच्यात तेवढ्या आण, पण एकीवर सुद्धा नाव घालायचं न्हाय. कोऱ्या ठेव. मशीन घरी घेऊन ये आणि पाळण्याशेजारी बस. मी पाळण्यात वाकून नाव ठेवीन, ते बाहेर मोठ्यानं सांगीन, आणि मगच तू घालायचं. जे सांगीन ते. सात अक्षरी असलं तरी. गोलाला वळलं तरी.

कबूल असंल तर शनिवारच्या गाडीनं येते. दाजींची ड्युटी हाय, ते येणार न्हाईत.

आक्का

(पाठीमागे)
रविवारी सुट्टी मिळाली न्हाय. काय काय झालं ते मला लिहून कळव, सगळं. ही घरी आल्यावर काय सांगणार न्हाय आणि मी विचारणार न्हाय. — दाजी

———

दि. २८ नोव्हेंबर २०२५

आक्का,
कबूल.
ऋतुराज

———

सोमवार, दि. १ डिसेंबर २०२५
सकाळी ७ वाजून १५ मिनिटे
कोल्हापूर

ती. दाजींना नमस्कार.

आक्का आज तुमच्याच गाडीनं परत येईल. हे पत्र मी तुमच्या हातात वेगळं देणार आहे. तिच्यासमोर वाचू नका.

शनिवारी ती आली. दारात तानाबाईंनी पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. घरात शिरल्यावर तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. सरळ अनुजाजवळ गेली, बाळ मांडीवर घेतलं आणि एकेक बोट मोजलं, हाताची, पायाची. मग म्हणाली, "कान आबांचेच हायत." मग माझ्याकडं वळून पाठीत एक गुद्दा घातला. अजून दुखतो. म्हणाली, "हा पेटीचा." त्यानंतर मला रडू आलं. अनुजासमोरच आलं. काही बिघडलं नाही.

रविवारी अकरापर्यंत बायका जमल्या. पाळणा झेंडूनं सजवला होता. घुगऱ्या शिजून तयार. एका कोपऱ्यात मी पाट टाकून बसलो. पुढं मशीन, शेजारी एकेचाळीस कोऱ्या वाट्या. केरबाअण्णा पण आले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "आमच्या दुकानात गिऱ्हाईक नाव घेऊन येतंय. इथं नाव यायची वाट बघत कारागीर बसलाय, हे पहिल्यांदाच बघतोय."

दाजी, मी मशीन दोनदा चालू-बंद करून बघितलं. अनुजानं तर डोळे मिटून घेतले होते.

आक्कानं बाळाला पाळण्यात घातलं. "कुर्रऽऽ" केलं आणि कानाला तोंड लावलं. बायका तिच्या पाठीत बुक्के घालायला लागल्या, रीतच आहे. तानाबाईंनी तर कसर काढली. "सांगा की आत्याबाई, झोप लागली काय तितं?" पण आक्का उठेना. आत काहीतरी बोलत होती. मी तिचे ओठ बघत होतो. मला सवय आहे, गिऱ्हाईक नाव सांगतं तेव्हा मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, ओठांवरून घ्यावं लागतं. ओठ पाच वेळा हलले. पाच! मी मनात वाटीच्या गोलावर पाच अक्षरं मांडली. बसत होती. फुकटात बसत होती. मनाची तयारी केली.

मग ती उठली. पदर सारखा केला. सगळ्यांकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नाव ओज!"

मला वाटलं, मला भास झाला. तानाबाई म्हणाल्या, "एवढंच? एवढं सांगायला इतका वेळ?" सगळ्या हसल्या. मी तसाच बसलेला. आक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "कारागीर, घाला की नाव. का लाईट गेली?"

मी पहिली वाटी उचलली. हात अजिबात हलला नाही. एकेचाळीस वाट्या पन्नास मिनिटांत झाल्या. प्रत्येकीवर चि. ओज आणि तारीख, ३०/११/२०२५. बायका घुगऱ्या घेऊन थांबल्या होत्या. जशी वाटी होईल तशी तीत घुगऱ्या पडायच्या आणि ती निघायची. गल्लीतलं एक पोरगं दारातून ओरडलं, "ओज्या आला, ओज्या!" आक्का म्हणाली, "बघ, तिसरं अक्षर आलं. सांगितलं न्हवतं?"

सगळं उरकल्यावर तिनं पिशवीतून रुमालाची गाठ सोडली. आत ती पहिली वाटी होती, हललेल्या "ज"ची. काठोकाठ साखर भरलेली. म्हणाली, "तानाबाई, भांडं परत केलं बघा. रिकामं न्हाय." त्यांना अजून कळलेलं नाही, ही कोणती वाटी. त्यांनी साखर चहाच्या डब्यात ओतली. वाटी मी उचलून घेतली.

सायंकाळी मी तिला विचारलं, "आक्का, कानात पाच अक्षरं कुठली सांगितलीस?"

म्हणाली, "अकरा वर्षांचं ते त्याला देऊन टाकलं. बाहेरचं नाव तुझ्या हाताचं, आतलं माझं. ते आमच्या दोघांतलं हाय."

"मला तरी सांग."

"तू पेटीचं मला सांगितलंस व्हय नऊ दिवस? त्याला विचार. बोलायला लागला की सांगंल."

अनुजानं पण विचारून बघितलं, तानाबाईंनी विचारलं, जाता जाता केरबाअण्णांनी विचारलं. कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला तर अजिबात सांगणार नाही, असं म्हणाली.

दाजी, तुम्ही रोज गाडी लावल्यावर डेपोत हिशेब मिळवता. मी पण मिळवला. तपासून घ्या.

खर्च
वाट्या ४१, दर ४५ रुपये: १८४५
पाळण्याचं भाडं आणि फुलं: ९००
घुगऱ्यांचं सामान: ४६०
पेढे ३ किलो, दर ४८०: १४४०
आत्याच्या मानाची साडी: १६५०
नारळ, खण, पानसुपारी: ३७०
एकूण: ६६६५ रुपये

देणे
केरबाअण्णांना वाट्यांचे राहिलेले: ८४५ रुपये
तुम्हाला, डब्याचं लगेजचं तिकीट तुम्ही खिशातून काढलं ते: ६० रुपये. त्यातून दोन लाडू वजा करायचे का, ते तुम्हीच ठरवा.

येणे
आक्काकडून, चि. ओजमार्फत: एक नाव, अंदाजे पाच अक्षरी. मुदत, त्याला बोलता येईपर्यंत. घाई नाही.

आज सकाळचं वजन: दोन किलो आठशे पाच ग्रॅम.

आपला,
ऋतुराज